गावातला ग्रंथमेळावा: मंडपाला दोन स्टार, स्टॉलच्या गल्लीला साडेचार

एकच रेटिंग द्या म्हणाल तर जमणार नाही, कारण ह्या मेळाव्यात दोन वेगवेगळे कार्यक्रम चालू असतात आणि त्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसतं. एक मंडपात, माइकवर, पाहुण्यांसाठी. दुसरा मंडपाच्या मागं, स्टॉलच्या दोन ओळींमधल्या गल्लीत, तिथं लेखक नावाचा माणूस खरोखर तुमच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला असतो आणि बोलायची तुमच्यापेक्षा त्यालाच जास्त घाई असते. मी तर आता सरळ मागच्या गेटनंच आत जातो.

गावाचं आणि आयोजकांचं नाव टाकत नाही, उगाच कुणाला तरी फोन जाणार आणि संध्याकाळी कुणीतरी माझ्या ओट्यावर येऊन बसणार, गाव लहान आहे. एवढं सांगतो की मराठवाड्यातलं जिल्ह्याचं ठिकाण, एक जुनं वाचनालय आणि गावातल्या दोन-तीन संस्था मिळून भरवतात, शाळेच्या मैदानावर, दोन दिवस, प्रवेश फुकट. ग्रंथालय संचालनालयाचा जिल्हा ग्रंथोत्सव असतो तो हा नाही, तो वेगळा. आणि पुण्यात फर्ग्युसनच्या मैदानावर नॅशनल बुक ट्रस्टचा पुणे पुस्तक महोत्सव २०२३ पासून डिसेंबरात भरायला लागला तेव्हापासून तर प्रत्येक गावातल्या कार्यकर्त्याला वाटतंय की आपल्याकडं पण असं काहीतरी पाहिजे. वाटू दे की, चांगलंच आहे. राजकीय सभांना मैदान मिळतं, तसं पुस्तकांना दोन दिवस मिळालं तर बिघडलं कुठं.

मंडपाचं आधी उरकून टाकतो. ग्रंथदिंडी झकास, तिला पूर्ण मार्क. सकाळी आठला पालखी निघाली, त्यात ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा आणि संविधान, पुढं शाळेच्या पोरी लेझीम घेऊन, मागं एनसीसीची पोरं, बाजारपेठेतले दुकानदार शटर अर्धं वर करून बघत उभे, आणि एका किराणावाल्यानं तर स्वतःहून पालखीला हार घातला आणि पोरांना पाणी पाजलं. इथपर्यंत सगळं वेळेत. मग उद्घाटन. पत्रिकेत दहा वाजता, पाहुणे आले पावणेबाराला, तोवर निवेदक "अवघ्या काही क्षणांतच" म्हणत राहिला आणि साउंडवाला हॅलो चेक हॅलो चेक करत राहिला. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, आणि सत्कार. ह्यावेळी बुके नाही बुक द्यायचं असं ठरलेलं, कल्पना छानच, पण सगळ्या पाहुण्यांना एकाच पुस्तकाची प्रत दिली आणि त्याचा लेखक व्यासपीठावरच बसलेला होता, त्यामुळं त्यालाही त्याचंच पुस्तक मिळालं. त्यानं ते हसतमुखानं घेतलं, फोटो काढला. मी बनवून सांगत नाही.

भाषणं तर काय बोलावं. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला ह्याचा आनंद मलाही झाला, पण प्रत्येक वक्त्यानं ती बातमी जणू आत्ताच आली अशा थाटात पुन्हा सांगायची गरज नव्हती. परिसंवादाचा विषय दरवर्षीचाच, वाचनसंस्कृती आणि मोबाईल. समोर बसलेत कोण तर शाळेनं रांगेत आणून बसवलेली आठवी-नववीची पोरं, आणि वक्ते त्यांना सांगतायत की हल्लीची पिढी वाचत नाही. ती पिढी हळूच मागच्या मागं सटकून स्टॉलवर जाऊन पुस्तकं चाळत होती, सरांनी त्यांना पुन्हा हाकलून मंडपात आणून बसवलं, कारण खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर पाहुणे नाराज होतात. वाचू नका आणि वाचनावरचं भाषण ऐका, असा तो प्रकार.

कविसंमेलनाबद्दल एवढंच की कवींच्या नावांनी पत्रिकेचं अख्खं पान भरलेलं होतं आणि वेळ दिलेली दोन तास. सूत्रसंचालक दर कवीला "एकच रचना, वेळेचं भान ठेवून" म्हणायचा आणि कवी एक चारोळी, एक गझल आणि जाता जाता एक मुक्तछंद म्हणून जायचा. आणि जायचा म्हणजे घरीच जायचा. आपली कविता झाली, प्रमाणपत्र मिळालं, फोटो झाला की चालला, दुसऱ्याची ऐकायला थांबतो कोण. शेवटचे पाच-सहा कवी साउंडवाल्याला आणि खुर्च्या उचलायला आलेल्या पोरांना ऐकवत होते, आणि खरं सांगतो त्यातल्या एका मुलीची कविता त्या दिवसातली सगळ्यात भारी होती. नावानं हाक मारून तिला थांबवून दाद द्यावी तर ती शेवटची एसटी पकडायला पळाली.

बरं हे मंडपात कोण आणि बाहेर कोण प्रकरण आजचं नाही. १८७८ च्या मे महिन्यात लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात हिराबागेत ग्रंथकारांना बोलावलं, ते पहिलं ग्रंथकार संमेलन, आणि आज ज्याला आपण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतो त्याची मोजदाद तिथूनच करतात. लिहिणाऱ्यांनी एकत्र यावं, ग्रंथांचा प्रसार कसा वाढेल ते बोलावं, हेतू इतका साधा. आणि १८८५ साली दुसऱ्या वेळचं बोलावणं गेलं तेव्हा महात्मा फुल्यांनी रानड्यांना पत्र लिहून स्पष्ट कळवलं की जे लोक सगळ्या माणसांचे हक्क मान्य करत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही. म्हणजे दुसऱ्याच खेपेला वाद सुरू. आमच्या गावच्या मेळाव्यात तेवढी मोठी भांडणं नसतात, पण व्यासपीठावर कुणाला खुर्ची आणि गल्लीत कुणाला टेबल हे नीट बघितलं तर जिल्ह्याचं साहित्यिक राजकारण पाच मिनिटांत कळतं, त्यासाठी वेगळा पेपर वाचायला नको.

आता गल्ली. इथं मात्र आयोजकांचं मनापासून कौतुक, कारण प्रकाशक आणि विक्रेत्यांच्या स्टॉलशिवाय त्यांनी जिल्ह्यातल्या लेखकांसाठी वेगळी टेबलं ठेवलेली, फुकट, एका टेबलावर दोघं, आपापली पुस्तकं मांडा आणि बसा. ही आयडिया ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला शाल-श्रीफळ द्यायला हवं होतं, तो बिचारा दिवसभर एक्स्टेंशन बोर्ड घेऊन पळत होता. कारण मोठ्या शहरातल्या मोठ्या कार्यक्रमात आपण लेखकाला बघतो, फार तर रांगेत उभं राहून सही घेतो, मागचा माणूस ढकलत असतो, आपण "सर तुमचं सगळं वाचलंय" एवढं बोलून बाजूला होतो. इथं तसं काही नाही. इथं लेखक तुम्हाला बसायला खुर्ची देतो, चहावाल्याला हाक मारतो, "कुठल्या गावचे तुम्ही?" इथून सुरुवात करतो आणि दहा मिनिटांत त्याची मावसबहीण तुमच्या गावात दिलेली निघते.

माझ्या आवडीचं टेबल होतं एका रिटायर एसटी कंडक्टर काकांचं. आत्मकथन लिहिलंय, पहिलंच पुस्तक, वय झालंय पण आवाज अजून डबल बेल मारल्यासारखा. पुस्तक हातात घेऊन तुम्ही किंमत बघायच्या आत ते म्हणतात, "किंमत बघू नका हो, पान साठ काढा, मुक्कामी गाडीचा किस्सा वाचा, नाही आवडला तर ठेवून द्या." मी वाचला. आवडला. रात्री मुक्कामाला गेलेल्या गाडीतच झोपायचं, गावातली माणसं जेवण आणून द्यायची, आणि पहाटेच्या फेरीला पहिली तिकिटं नेहमी त्याच दोन म्हाताऱ्यांची, दवाखान्याला जाणाऱ्या. पुस्तक घेतलं. सही करताना त्यांनी माझं नाव विचारलं, मग मोबाईल नंबर विचारला, आणि स्वतःचा नंबर पहिल्या पानावर लिहून दिला. इशारा देऊन ठेवतो, हे काका आठवड्यानं फोन करतात. "झालं का वाचून?" मोठ्या लेखकाच्या पुस्तकाबरोबर ही सर्व्हिस मिळत नाही, आणि फोन येणार ह्या धाकानं मी पुस्तक वेळेत संपवलं.

पण साडेचार स्टार ज्याच्यासाठी दिले ते म्हणजे लिंबाखालचा कोपरा. गल्लीच्या टोकाला कडुलिंबाचं झाड आहे, तिथं शाळेतले बाक गोल लावून ठेवलेले, फळ्यावर खडूनं लिहिलेलं की कितीला कोण लेखक बसणार. माइक नाही, निवेदक नाही, सत्कार नाही. लेखक येऊन बसतो, दहा-पंधरा माणसं जमतात, बोलणं सुरू. मी बसलो त्या वेळी एक ताई होत्या, अंगणवाडी सेविका आहेत, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या कथा लिहिल्यात. सुरुवातीला पाच मिनिटं सगळे गप्प, ताईपण गप्प, मग एका काकांनी विचारलं, "आमच्या गावातलं बांधाचं भांडण तुम्ही तिसऱ्या गोष्टीत घातलंय ना?" त्यावर ताई म्हणाल्या, "दादा, मघाशी एकजण म्हणले ते त्यांच्या गावचं हाय. मी तर दोन्ही गावाला कधी गेले नाही." सगळे हसले आणि तिथून जे सुरू झालं ते थांबेना. एका नववीतल्या पोरीनं विचारलं की ज्या बाईची गोष्ट लिहिली तिनं ती वाचली का. ताई म्हणाल्या तिला वाचता येत नाही, मी तिला बसून वाचून दाखवली, तिनं एका ठिकाणी थांबवलं आणि सांगितलं की मी अशी रडले नव्हते, मी शिव्या दिल्या होत्या, ते दुरुस्त कर. आणि केलं मग दुरुस्त, दुसऱ्या आवृत्तीत. मी आजवर कथालेखनावरची जी काही भाषणं ऐकली त्या सगळ्यांत मिळून एवढं शिकायला मिळालं नव्हतं.

ही गोष्ट मंडपात झालीच नसती. तिथं ताईंना "ग्रामीण स्त्रीच्या वेदना" अशा विषयावर सात मिनिटं दिली असती आणि अध्यक्षांनी समारोपात त्यांचं नाव चुकवलं असतं. मुंबईत पार्ल्याला मॅजेस्टिक प्रकाशनाच्या लेखकांशी गप्पा इतकी वर्षं चालल्यात त्यातही मजा हीच ना की कुणीतरी विचारतंय आणि कुणीतरी सांगतंय. ऐकणाऱ्याला प्रवचन नको असतं हो. त्याला विचारायचं असतं.

सरकारी प्रकाशनांचा स्टॉल चुकवू नका. कोपऱ्यात असतो, सजावट शून्य, पण गर्दी कायम. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड, फुले समग्र, साहित्य आणि संस्कृती मंडळाची जुनी जाडजूड पुस्तकं, आणि किमती अशा की दोनदा विचारून खात्री करून घ्यावी लागते. मंडळ १९६० सालचं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले अध्यक्ष, त्या काळातली भाषांतरं आणि कोश अजून मिळतात काही. मजूर माणूस, कॉलेजची पोरं, रिटायर मास्तर सगळे त्याच रांगेत. ज्यांना वाटतं की लोक पुस्तकं विकत घेत नाहीत त्यांनी एकदा ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला दीक्षाभूमीवर जावं. लांबून उभ्यानं प्रवास करून आलेली माणसं पिशवी भरून पुस्तकं घेऊन परत जातात, लेखक स्वतः चटईवर पुस्तकं मांडून बसलेले असतात आणि वाचक उकिडवा बसून त्यांच्याशी वाद घालत असतो. वाचनसंस्कृतीवर परिसंवाद न घेता तिथं ती चालते.

आता खरेदीचं. सामान्य वाचकाला स्टॉलवर वीस टक्के सूट सहज मिळते, थोडं बोललात तर पंचवीस, त्याच्यापुढं ताणू नका, विशेषतः लेखक स्वतः विकत बसलाय तिथं तर अजिबात नको. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळं कुणी वरून टॅक्स लावला तर विचारा काय म्हणून. पण गल्लीतला खरा राजा वाचक नाही, ग्रंथपाल आहे. खेड्यापाड्यातल्या सार्वजनिक वाचनालयांचे ग्रंथपाल येतात, हातात पिशवी आणि खिशात घडी घातलेली यादी, आणि ते आले की स्टॉलवाला आपल्याशी बोलता बोलता मध्येच उठतो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं शासनमान्य झालेली ही वाचनालयं, अ ब क ड असा त्यांचा दर्जा, आणि अनुदानाचा हप्ता जमा झालाय की नाही ह्यावर त्या वर्षीची स्टॉलची विक्री ठरते. त्यांचा पहिला प्रश्न पुस्तक कशावर आहे हा नसतोच. "शासनमान्य यादीत आहे का?" दुसरा प्रश्न, पक्कं बिल मिळेल का. नवीन लेखकाचा चेहरा पहिल्याच प्रश्नाला पडतो. पण एका ड वर्गाच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल मावशी बघितल्या, यादीतली खरेदी उरकली, मग पदराच्या गाठीतून स्वतःचे पैसे काढून कंडक्टर काकांचं पुस्तक घेतलं, म्हणाल्या, "हे बिलात नको, आमच्याकडं वाचणारे आहेत ह्याचे."

लिहिणाऱ्यांसाठी हा मेळावा कसा, तर माझ्या मते त्यांच्यासाठीच खरा उपयोगाचा. दुपारी जेवणानंतर पाहुणे विश्रामगृहावर जातात, मंडप झोपतो, आणि चहाच्या टपरीपाशी लिहिणाऱ्यांचा अड्डा जमतो. मी आपला कान देऊन बसलो. साहित्यावर चर्चा शून्य, सगळी चर्चा पैशाची आणि पोस्टाची, आणि ती ऐकण्यासारखी. २०२४ च्या डिसेंबरात पोस्टानं पुस्तकांसाठीची स्वस्त बुक पोस्टाची सोय बंद केली तेव्हा ह्या लोकांची कशी पंचाईत झाली, शंभर-दीडशेच्या कवितासंग्रहाला पाठवायचा खर्चच एवढा की वाचक म्हणायचा राहू द्या. मग १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, आणि एक कवी दुसऱ्याला समजावून सांगत होता की पाकिटावर काय लिहायचं, वजन कसं तीनशेच्या आत ठेवायचं, पुढच्या संग्रहाला जाड कागद वापरू नको. कवितेचा आकार पोस्टाच्या दरानं ठरतोय, पण काय करणार.

दुसरी गोष्ट आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाची. एका नवीन पोरानं सांगितलं की छपाईच्या खर्चात त्याच्याकडून आयएसबीएनचे म्हणून वेगळे पैसे घेतले. टपरीवर एकदम शांतता, मग एका जुन्या खोडानं त्याला खडसावलं, अरे आपल्या देशात हा नंबर फुकट मिळतो, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडं ऑनलाइन अर्ज करायचा, लेखकाला स्वतःला पण करता येतो. पोराचं तोंड बघण्यासारखं झालं. आणि साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे पहिल्या पुस्तकासाठी, हे पण त्याला तिथंच कळलं, म्हणजे पुस्तक छापून झाल्यावर. ही माहिती मंडपातून एक तास कुणी नीट सांगितली असती, प्रकाशकाशी करार कसा करायचा, रॉयल्टी म्हणजे काय, किती प्रती छापायच्या, तर जिल्ह्यातल्या निम्म्या कवींच्या घरातले पलंगाखालचे खोके वाचले असते. आयोजकांनो, पुढच्या वर्षी परिसंवाद घ्यायचाच असेल तर हा घ्या. बायकासुद्धा येतील ऐकायला, कारण त्या खोक्यांखाली झाडू फिरवायचं काम त्यांच्याकडं असतं.

एक खटकलेली गोष्ट आहे, ती आयोजकांची नाही, आपल्या सगळ्यांची. फुकट प्रती. लेखक लेखकाला भेटला की "सप्रेम भेट" लिहून पुस्तक देतो, तो पण आपलं काढून देतो, दोघांच्या पिशव्या जेवढ्या जड होत्या तेवढ्याच जड राहतात आणि विक्री शून्य. वाचक तर त्याहून वर. लेखकाच्या टेबलापाशी पाऊण तास गप्पा मारायच्या, त्याच्याच पैशाचा चहा प्यायचा, आणि उठताना म्हणायचं "सर एक प्रत द्या की, अभिप्राय कळवतो." अभिप्राय कुणीही कळवत नाही. त्या अंगणवाडीच्या ताईंच्या टेबलावर एकजण स्वतःला समीक्षक म्हणवत अशीच प्रत मागायला आला, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, दोनशे रुपये. तुम्हाला दीडशेला देते, समीक्षा आली की त्यातले पन्नास पण परत देते." त्यानं मुकाट्यानं दीडशे दिले. सगळ्यांनी हा धडा घ्यावा असं नाही म्हणत, पण मी बघून खूश झालो.

बाकी सोयीसुविधा बऱ्या. जेवण पुरी-भाजी, मसालेभात आणि बुंदी, कूपन फक्त निमंत्रितांना, पण दुपारी दोननंतर कूपन कुणी विचारत नाही. पिण्याच्या पाण्याचे जार भरपूर होते. बायकांसाठी स्वच्छतागृह म्हणजे शाळेचंच, ते मैदानाच्या पलीकडं, आणि पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्याला कुलूप होतं, किल्ली शिपायाकडं आणि शिपाई ग्रंथदिंडीत, हे मात्र अक्षम्य आहे, लेखिकांना बोलवता, शाळेच्या पोरींना बोलवता, आणि हे आधी बघत नाही? स्टार इथंच कापला गेला. शिवाय मंडपाचे दोन मोठे स्पीकर नेमके लिंबाच्या दिशेनं लावलेले, त्यामुळं लिंबाखाली बोलणाऱ्याला दर थोड्या वेळानं थांबावं लागायचं, पलीकडून "मान्यवरांच्या हस्ते" सुरू झालं की इकडं सगळे एकमेकांचं तोंड बघत बसायचे. स्पीकर फिरवायला एक रुपया लागत नाही.

कुणी जावं? नुसती पुस्तकं स्वस्तात पाहिजेत, ठरावीक नावं पाहिजेत, तर पुण्याला आप्पा बळवंत चौकात जा किंवा ऑनलाइन मागवा, इथं गाजलेली पुस्तकं फारशी नसतात आणि असली तर त्यातल्या काही पायरेटेड कॉप्या असतात, कागद आणि बाइंडिंग बघून घ्या. लहान पोरांना घेऊन जात असाल तर बालसाहित्याचे स्टॉल चांगले आहेत पण बोलणारे बालसाहित्यिक कमी, ती बाजू कच्ची आहे. पण तुम्ही लिहिता, लिहायचं मनात आहे, किंवा आपल्याच तालुक्यात कोण काय लिहितंय ह्याची उत्सुकता आहे, तर डोळे झाकून जा. उद्घाटनाचा दिवस टाळा. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पोचा, तेव्हा लेखक नाश्ता करून ताजे असतात आणि शाळेची पोरं अजून आलेली नसतात. लिंबाखालचा फळा आधी बघा, कुणाची वेळ कधी आहे ते ठरवा, आणि लेखकाला भेटायच्या आधी जमलं तर त्याचं एखादं पान तरी वाचा, "तुम्ही काय लिहिता?" असं विचारलं की त्यांचं तोंड बघवत नाही. रोख पैसे जवळ ठेवा, गर्दी वाढली की नेटवर्क जातं आणि यूपीआय फिरत राहतं, कंडक्टर काका तर सुट्टे पैसे बघून जास्तच खूश होतात, जुनी सवय. पिशवी घरून न्या.

एसटी स्टँडवरून चालत दहा मिनिटं. गाडी आणली तर पार्किंग शाळेच्या मागं, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथं मंडपवाल्याचे टेम्पो लागतात आणि गाडी अडकते, पाचच्या आत बाहेर काढा.